आधी ब्रेक, मग हौस

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हटले जाते. जुन्या मोटारगाडीची हौस ज्याने केली आहे, त्याला मात्र या हौसेचे मोल चांगलेच ठाऊक असते. आणि ते प्रत्येक वेळी रुपयांतच चुकवावे लागते असेही नाही. सुटीच्या दिवशी जुनी गाडी उघडून बसावे, तिच्यात आपल्या आवडीप्रमाणे फेरफार करावेत, हा छंद उत्तमच आहे. परंतु हे फेरफार कोणत्या क्रमाने करावेत, याविषयी माझे एक ठाम मत आहे. ते पुस्तक वाचून बनलेले नाही, घाटाच्या उतारावर बनलेले आहे.

आमच्या घरी १९८२ सालची प्रीमिअर पद्मिनी आहे. वडील इंदूरला नोकरीत असताना त्यांनी ती घेतली. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस होते. मूळच्या इटालियन फियाट ११०० चे हे भारतीय रूप, वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेले. १०८९ घनसेंटीमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. या जातीची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा अनेकांना घरातले कुणी वडीलधारे गेल्यासारखे वाटले.

वडिलांच्या पश्चात गाडी माझ्याकडे आली. दर रविवारी तिच्यावर काम करायचे, असे मी आणि माझ्या पुतण्याने ठरवले. आम्ही काय केले? चकचकीत अलॉय चाके बसवली, सीटांना नवे कव्हर शिवून घेतले, उत्तम स्टिरिओ लावला आणि सायलेन्सर बदलून आवाज भारदस्त केला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कौतुक केले. त्यानंतर एका पावसाळी सकाळी महूच्या पुढील घाट उतरत असताना ब्रेकचे पेडल माझ्या पायाखाली अलगद तळाला गेले. पुतण्या शेजारी बसला होता आणि गाडीला सीटबेल्ट नव्हते. गिअर खाली आणीत, हँडब्रेक ओढीत मी गाडी कशीबशी कडेच्या मातीच्या उंचवट्याला टेकवली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

गॅरेजमध्ये चाक उघडल्यावर कारण समजले. ब्रेक सिलिंडरमधील रबरी वॉशर झिजून ऑइल गळून गेले होते. नव्या चाकांच्या किमतीपुढे त्या वॉशरची किंमत नगण्य होती. दोष गाडीचा नव्हता, मेकॅनिकचाही नव्हता. चाके बदलली त्या दिवशी ते ड्रम आमच्या डोळ्यांसमोर होते. ते उघडून पाहावेत, असे आम्हांला वाटले नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की जे दिसत नाही त्यावर आधी खर्च करावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे ते ठरावीक काळाने बदलावेच लागते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि पडदे अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. ते मऊ पडतात, त्यांना चिरा जातात आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवणे हा आजचा सर्वांत निकडीचा फेरफार होय. चाळीस वर्षांच्या वायरिंगचे आवरण कडक होऊन तडकते. ते बदलावे, योग्य ठिकाणी फ्यूज घालावेत, दिव्यांना रिले द्यावा. सीटबेल्ट जाणकाराकडूनच बसवून घ्यावेत, कारण ते पत्र्याला कोठे आणि कसे जखडले आहेत, यावरच त्यांचा उपयोग अवलंबून असतो. या कामांचे कुणी कौतुक करणार नाही. परंतु आपल्या शेजारी बसलेल्या माणसाचे आपण काही देणे लागतो, ते या कामांनी फिटते.

यावर कुणी म्हणेल, मग छंद तो काय राहिला? गाडी म्हणजे काही संग्रहालयातील मूर्ती नव्हे. मालकाने तिच्यावर आपला ठसा उमटवू नये का? अवश्य उमटवावा. परंतु तो पुसता येईल असा असावा, हे माझे दुसरे सांगणे. आमची मूळ चाके माळ्यावर जपून ठेवली होती, ती एका दुपारी परत चढली. मूळ सायलेन्सर मात्र आम्ही भंगारात घातला होता. तसा दुसरा कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळेपर्यंत आठ महिने गेले.

कायद्याचा रोखही तोच आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. बेकायदेशीर बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. मात्र तिची चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. आमची पद्मिनी २०३२ मध्ये पन्नास वर्षांची होईल. आज हौसेपायी पत्रा कापला, तर त्या दिवशी पश्चात्तापाशिवाय हाती काही उरणार नाही.

खर्चाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. या छंदासाठी कर्ज काढू नये. दरमहा आवर्ती ठेवीत थोडी रक्कम टाकावी आणि तेवढ्यातच भागवावे. एका वहीत दोन रकाने आखावेत: एक न दिसणाऱ्या कामांचा, दुसरा दिसणाऱ्या कामांचा. पहिला रकाना पुरा झाल्याखेरीज दुसऱ्यात आकडा मांडू नये. केलेले बदल विमा कंपनीला लेखी कळवावेत. दावा करण्याची वेळ आली, की न कळवलेला बदल महागात पडू शकतो.

आमचे रविवार आजही त्या गाडीसोबतच जातात. स्टिरिओ अजून आहे आणि जुनी गाणी त्यावर छान वाजतात. मात्र गाडी फाटकाबाहेर काढण्यापूर्वी पुतण्या न चुकता तीन वेळा पेडल दाबून पाहतो आणि सीटबेल्ट लावतो. त्यानंतरच तो गाणे लावतो.