पेढीचे भाडे आणि स्थिरांकाचे शून्य

वाणिज्य शाखेच्या मुलांच्या गणितात ‘डिफरन्सिएशन’, म्हणजे अवकलन, सुरू झाले की पहिला नियम एका दमात पाठ होतो : स्थिरांकाचे अवकलज शून्य. संख्या पाच असो वा पाच लाख, उत्तर शून्यच. पिढ्यान्‌पिढ्या वह्या लिहिणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांना हे ऐकून नवल वाटते. पाच लाखांचे शून्य कसे होईल?

रक्कम शून्य होत नाही; शून्य असतो तो तिच्यातील बदल. एक राशी किंचित बदलली असता तिच्यावर अवलंबून असलेली दुसरी राशी कोणत्या दराने बदलते, हे अवकलज सांगते. गाळ्याचे मासिक भाडे ६०,००० रुपये असेल, तर दहा नग निघोत वा पाचशे, भाडे तेवढेच. मात्र प्रत्येक नगास २०० रुपयांचे कापड व शिलाई लागत असेल, तर २००क्ष चे अवकलज २००. बेरजेतील स्थिरांक नाहीसा होतो, गुणक म्हणून आलेला टिकतो.

क्ष² चे २क्ष कसे होते, हे चौरस काढून पाहावे. क्ष ही बाजू ह ने वाढवली, तर क्ष × ह अशा दोन पट्ट्या आणि कोपऱ्यात ह × ह चा चिमुकला चौरस वाढतो. या वाढीस ह ने भागले की २क्ष + ह. ह शून्याकडे नेला की उरते २क्ष. याच रीतीने क्ष³ चे ३क्ष². परंतु ७³ चे अवकलज मात्र शून्य, कारण ते केवळ ३४३ आहे. घात दिसताच नियम लावणारी मुले येथे हमखास गुण गमावतात.

आता समजा, जादा वेळेची मजुरी धरून एका शर्टच्या कारखान्याचा मासिक खर्च ६०,००० + २००क्ष + ०.१क्ष² आहे. ५०० नगांना १,८५,००० रुपये, म्हणजे सरासरी ३७०. महिन्याचे काम ठरलेले असताना कोणी आणखी ५० नग ३३० रुपयांनी मागितले, तर ‘३७० ला पडलेला माल ३३० ला कसा द्यावा?’ म्हणून सौदा मोडतो. सरासरी ही वर्षाचा ताळेबंद पाहताना कामाची. असा सौदा ठरवताना ती फसवते. येथे पाहायचे ते अवकलज : २०० + ०.२क्ष, म्हणजे ५०० नगांपाशी ३००. पुढे हा दरही थोडा चढतो, त्यामुळे ५० नगांचा प्रत्यक्ष वाढीव खर्च १५,००० नव्हे, १५,२५० होतो. हाती येतात १६,५००. नाकारलेल्या सौद्यात १,२५० रुपयांचा नफा होता. भाडे ७५,००० झाले तर सरासरी ४०० होईल, पण हे १,२५० तसेच राहतील.

अर्थात, नेहमीच्या गिऱ्हाइकानेही ३३० चाच भाव मागितला, तर भाडे निघणार नाही. आणि माल ठेवण्यास दुसरा गाळा घ्यावा लागला, की भाडे स्थिरांक राहत नाही. मग सूत्रच नव्याने मांडावे लागते.