काळं राहू द्या, चांदी दिसेल!

सकाळची बस पकडायची म्हणून आपण बेल्ट कसाबसा अडकवतो आणि पळतो. जुन्या चीनमधल्या बड्या मंडळींचं तसं नव्हतं, बॉस! इसवीसनपूर्व 475 ते 221 या लढायांच्या धामधुमीत तिथे कमरपट्ट्याचा हुक म्हणजे स्टेटस सिम्बॉल. हुक ब्राँझचा, त्यावर बारीक खाचा, खाचांत ठोकून बसवलेलं सोनं-चांदी, मध्येच एखादा पिरोजा. ब्रँडेड बकल मिरवायची आपली हौस निदान सव्वादोन हजार वर्षं जुनी आहे म्हणायची.

पण चीनला कशाला जायचं? हीच आयडिया आमच्या गावी, हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरला, फडताळात पडून होती. आजोबांचा पानाचा डबा. काळाकुट्ट, वर चांदीची वेलबुट्टी. अस्सल बिदरी! 1956 पर्यंत मराठवाडा आणि बिदर एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे असा डबा आमच्याकडे सापडावा यात नवल नाही.

दिवाळीच्या साफसफाईत काकूने तो चिंच-राख घेऊन घासायला काढला. ‘किती काळा पडलाय रे, चकाचक करते!’ मी झडपच घातली. कारण तो काळा पडलेला नसतो, मुद्दाम काळा केलेला असतो.

बिदरीचा धातू म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात थोडं तांबं. ओतीव भांडं कानशीने घासायचं, मोरचूद लावून तात्पुरतं काळं करायचं, त्यावर नक्षी कोरायची आणि खाचांत चांदीची तार हातोडीने बसवायची. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात उकळायचं. त्यात भांडं कायमचं काळं होतं, चांदी मात्र पांढरीच राहते. माती चांगली की नाही, हे कारागीर चक्क जिभेवर ठेवून ठरवतात!

2023 मध्ये बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. मस्तच. पण पुरस्कारावर कारखान्याची चूल पेटत नाही, त्याला गिऱ्हाईक लागतं. तेव्हा मित्राच्या लग्नात पाचवा डिनर सेट देण्यापेक्षा छोटी बिदरी डबी द्या. भाव करताना चांदीच्या वजनाबरोबर हातोडीचे तासही मोजा. आणि डबीसोबत एक चिठ्ठी नक्की ठेवा : मऊ कापडाने पुसा, तेलाचा हात फिरवा, घासू मात्र नका!