दोन वायरी, एकच बोर्ड!

'फॉल्ट टॉलरन्स' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रेड-१, रेड-५, दोन पॉवर सप्लाय आणि परीक्षेतले आठ मार्क! माझंही तसंच होतं.

मी पोहरादेवीकडचा, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम. रामनवमीला सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला देशभरातून बंजारा समाज येतो आणि एवढंसं गाव शहर होतं. यात्रेत हरवलेल्यांची नोंद ठेवणारा सर्व्हर हा माझा प्रोजेक्ट. सुट्टीत मी त्याचा आराखडा मोठ्या ऐटीत काकांना दाखवला. काका मंडपाचं काम करतात. त्यांनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "बाबू, ह्या दोन्ही वायरी एकाच बोर्डात लावतं काय रे?"

मी गप्प!

"एकदा आम्ही जनरेटर दोन आणले. डिझेलचा डबा मात्र एकच. तो सांडला अन् दोन्ही बंद."

हसू नका. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचं काय झालं? टेलिकॉम लाइन दोन कंपन्यांच्या होत्या, पण दोन्हींत एकदमच बिघाड झाला. पर्यायी केंद्र असूनही व्यवहार तिकडे वळले नाहीत. ११:४० ला थांबलेला बाजार पावणेचारला उघडला. जिथे पैशाला तोटा नाही तिथे ही गत!

आमच्याकडचंही ऐका. माझ्या चुलत बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज एका कार्यालयातल्या सर्व्हरवर होता. डिस्क दोन होत्या. पण कुणीतरी चुकून फोल्डर उडवला आणि मिररिंगने इमानदारीत दुसऱ्या डिस्कवरूनही उडवला! वेगळा बॅकअप नव्हता. मुदत संपली, तिचं वर्षाचं पैशाचं गणित कोलमडलं. ९९.९ टक्के चालू म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद. पण ते तास नेमके शेवटच्या तारखेला आले तर?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : सर्व्हर बसवायचं नियोजन कोटेशनपासून नाही, तर 'आपल्याकडे काय काय एकच आहे?' या यादीपासून सुरू व्हावं. बोर्ड एकच? लाइन एकच? पासवर्ड माहीत असलेला माणूस एकच? आणि तो सुट्टीवर गेला तर? मगच खरेदी. बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि तो परत उतरवून बघा. यूपीएसची बॅटरी शेवटची कधी तपासली, तेही लिहून ठेवा.

सरांना एक विनंती. प्रोजेक्टच्या परीक्षेत स्लाइड कमी बघा आणि चालू सर्व्हरची एक वायर सरळ उपटा! चाललं तर मार्क द्या.

जुन्या काळी लमाणांच्या तांड्यात धान्य-मीठ शेकडो बैलांच्या पाठीवर वाटलेलं असायचं. एक बैल बसला म्हणून तांडा थांबत नसे. हे आमच्या पूर्वजांना कळत होतं. आपण तर इंजिनिअर होणार आहोत ना?

असो. माझ्या आराखड्यात आता दोन बोर्ड आहेत, वेगवेगळ्या फेजवर. तुमच्या?