जुना टायर कोठे जातो?

रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात उभ्या राहणाऱ्या मोटारींची संख्या दरवर्षी वाढताना आम्ही पाहत आहोत. गाडीची किंमत, कर्जाचा हप्ता, लिटरमागे किती चालते, हे सारे मालकांना तोंडपाठ असते. मात्र मागे बदललेले चार टायर कोठे गेले असे विचारले, तर एकच उत्तर येते : “दुकानदाराने ठेवून घेतले.” आमचे भांडण या उत्तराशी आहे.

टायर काळा खरा, पण त्याचा उगम पांढऱ्या चिकात आहे. केरळात पहाटेच्या अंधारात मजूर रबराच्या झाडाची साल तिरपी छेदतो आणि चीक थेंबाथेंबाने वाटीत गोळा होऊ देतो. झाड मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. हेन्री विकहॅम याने १८७६ साली त्याचे बी इंग्लंडला नेले व तेथून रोपे सिलोन-मलायात गेली. या चिकात खनिज तेलापासून बनविलेले कृत्रिम रबर, काजळी, गंधक व पोलादी तारा मिळाल्या की टायर सिद्ध होतो.

डनलप यांनी १८८८ साली मुलाच्या सायकलसाठी हवेचा टायर बनविला आणि पुढे रबराची मागणी अफाट वाढली. तिची किंमत मोजली काँगोने. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीच्या त्या मुलखात ठरलेले रबर न आणणाऱ्या गावांतील बायका ओलीस ठेवीत, माणसांचे हात तोडीत. हा राजा कॅथलिक होता, हेही आपण विसरू नये. १९०८ साली ती मालकी संपली.

आता टायरच्या अंताकडे वळू. गंधकाने पक्के केलेले रबर वितळत नाही, कुजत नाही. रस्त्यावर जो गुण, तोच पुढे दोष ठरतो. ट्रकच्या काही टायरांवर नवे रबर चढवितात, काहींच्या वहाणा होतात, काही पावसाळ्यात छपरावरील ताडपत्री दाबून धरतात व डासांना पाळणे पुरवितात. पुष्कळसे मात्र भट्टीत जातात. हवा कोंडून तापविले की तेल, वायू, काळी भुकटी व तारा उरतात. तेल पुन्हा कारखान्यांत जाळले जाते. यालाच पुनर्वापर म्हणतात! दोन हप्त्यांत जाळणे म्हणावे, एवढेच.

अशा भट्ट्या वाडा तालुक्यात आहेत. वसई आणि वाडा, जिल्हा एकच. जानेवारी २०२५ मध्ये तेथील एका कारखान्यात स्फोट होऊन दोन स्त्रिया व दोन बालके मृत्युमुखी पडली. तेथे युरोपातून आलेले टायर जाळले जात होते, असे बीबीसीने मार्चमध्ये दाखविले. काळवंडलेली झाडे आणि खोकल्याने बेजार झालेले गावकरीही दाखविले. वास्तविक, अशा तेलासाठी परदेशी टायर आणण्यास २०२२ च्या नियमांनी मनाई आहे. स्फोटानंतर सात कारखान्यांना टाळे लागले.

“आदिवासी भागाला रोजगार मिळतो, फादर,” असे आम्हांस सांगण्यात येते. रोजगार हवाच. पण हे काम इतके निर्धोक असेल, तर ज्यांनी टायर झिजविले त्यांच्याच शहरात भट्टी का नाही? विलायतेतील माणूस आपला कचरा आपल्या दारी पाठवितो म्हणून आपण संतापतो. आपण तरी आपला कोणाच्या दारी पाठवितो? त्याच २०२२ च्या नियमांनी जुन्या टायरांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणजे ग्राहकाला विचारण्यास जागा आहे. विचारतो कोण?

गतवर्षी धर्मग्रामाच्या गाडीचे टायर बदलले, तेव्हा आम्ही विचारले. दुकानदार सज्जन; तो हसला. “महिन्यातून एकदा टेम्पो येतो, फादर.” टेम्पो कोठला? ते त्यालाही ठाऊक नव्हते. आमचे चार टायर त्या टेम्पोतूनच गेले.