मेसच्या हिशोबात न मांडलेली ओळ

गेल्या जुलैत मी पहिल्यांदा आमच्या लेडीज हॉस्टेलच्या मेस कमिटीत बसले. मेसवाल्या काकांना महिन्याचा दर ३,२०० वरून ३,४०० करून हवा होता. आम्ही पाच जणींनी तासभर घासाघीस करून त्यांना ३,२५० वर आणलं. खाली आलो तर मुलींनी चक्क टाळ्या वाजवल्या! कुणीतरी मला 'अर्थमंत्री' म्हणालं आणि खरं सांगते, दोन दिवस मी हवेतच होते.

(माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितेय, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. इंग्रजी विभागात दिलं असतं, पण मग ते मेसमध्ये कुणी वाचलं नसतं.)

दिवाळीनंतर एका रात्री वाढणाऱ्या मुलाच्या हाताला फडकं बांधलेलं दिसलं. वरणाचं पातेलं उतरवताना मनगटावर सांडलं होतं. मी म्हटलं, "अरे, मग सुट्टी घ्यायची ना!"

"तीन दिवस घेतली ना ताई. त्याचे पैसे कापले. चौथ्या दिवशी आलो."

तो माझ्याच वयाचा आहे. मी त्याला 'अरे' म्हणते, तो मला 'ताई' म्हणतो. हे त्या दिवशी पहिल्यांदा खटकलं.

मी तरातरा काकांकडे गेले, भांडायलाच. काकांनी काही न बोलता वही पुढे केली. गॅस, तेल, तूरडाळ, भाजी, दळण, लाईट बिल. सगळ्यात शेवटी 'पोरं' एवढाच शब्द आणि एक आकडा. म्हणाले, "तुम्हाला तेल चांगलं पाहिजे, रविवारी फीस्ट पाहिजे आणि दर वाढवायचा नाही. सिलेंडरवाला काय माझं ऐकणार आहे? मग मी हात कुठे घालायचा, तुम्हीच सांगा." काकू रोज पहाटे पाचला कणीक मळायला बसतात, त्यांच्या नावाची तर वहीत ओळच नाही. तेव्हा काकांना व्हिलन ठरवून मोकळं व्हायची सोय नव्हती. आम्ही वाचवलेले दीडशे रुपये गुणिले १६० मुली, म्हणजे महिन्याला २४,००० रुपये. ते कुठून तरी येणारच होते.

आम्हा सिव्हिलवाल्यांना 'एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग' असतं. त्यात काँक्रीटचं रेट अ‍ॅनालिसिस करताना सिमेंट, वाळू, खडी लिहायची, मग गवंडी किती, मजूर किती, मग पाण्याचा दीड टक्का आणि शेवटी ठेकेदाराचा दहा टक्के नफा. मजुरीची ओळ गाळली तर अख्खं गणित चुकतं. आणि थाळीचा दर ठरवताना आम्ही नेमकी तीच ओळ गाळली! कमिटीत डाळीच्या क्वालिटीवर वीस मिनिटं चर्चा झाली. पगारावर एक मिनिटही नाही. बाकी सगळं देऊन झाल्यावर उरेल तो पगार, असंच आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

कायदा काय म्हणतो ते मी शोधलं. किमान वेतनासाठी माणसं किती आहेत ते बघत नाहीत. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची जागा घेणारी २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. तिच्यात एक माणूस कामाला असला तरी सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा कमी देता येत नाही आणि ठरलेल्या तासांवर काम घेतलं तर दुप्पट दर द्यावा लागतो. सरकारी तक्त्यातला आकडा आमच्या मेसच्या पगारापेक्षा वर निघाला. 'जेवण-राहणं फुकट आहे की त्यांना' हे आपण सगळेच म्हणतो. राहणं म्हणजे बटाट्याच्या पोत्यांशेजारी गादी, बघून या एकदा.

पण दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. ईएसआय, म्हणजे आजारपणात औषध आणि रजेचा पगार, साधारणपणे दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लागू होतं. पीएफ वीस किंवा जास्त असतील तिथे. आमच्या काकांकडे सात जण आहेत. म्हणजे मोठ्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये हात भाजला तर दवाखाना आहे आणि आमच्याकडे भाजला तर फडकं! भांडी घासणाऱ्या मावशींना वाढणाऱ्या मुलापेक्षाही कमी मिळतं, कारण 'पुरुषमाणसाला घर चालवायचं असतं.' मावशी विधवा आहेत, घर त्याच चालवतात.

आता हिशोब. सातही जणांचा पगार हजाराने वाढवायचा तर ७,००० भागिले १६०, म्हणजे प्रत्येकीमागे महिन्याला ४४ रुपये. सात जणांना आठवड्याला एकेक भरपगारी सुट्टी द्यायची तर साधारण एक माणूस जादा लागतो. तो दहा हजारांत धरला तर ६३ रुपये. बँकेतून मिळणारे पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा, वर्षाला ४३६ अधिक २० रुपये. सातही जणांचे मिळून ३,१९२, म्हणजे प्रत्येकीला वर्षाला वीस रुपये. अर्थात या विम्यातून भाजलेल्या हाताचं मलम येत नाही. ते मृत्यूला आणि अपंगत्वाला आहेत. शिवाय त्यांना बँक खातं लागतं, आणि इथे पगार रोख, पाकिटातून.

सगळं मिळून महिन्याला एकशे दहाच्या आत. माझ्या रूममेटने हे ऐकल्यावर सरळ सांगितलं, "तुला एकशे दहा म्हणजे काही नाही. माझ्या बाबांना सांगताना मला दोनदा विचार करावा लागतो." तिचं खोटं नाही. तिच्याशी बोलल्यावर मी कागद बदलला. महिन्याला चार फीस्ट होतात, त्यातली एक कमी करायची आणि वाचलेले पैसे आधी पगाराच्या ओळीत टाकायचे. मग दरवाढ किती उरते ते काकांच्या वहीवरून बघायचं. गुलाबजामवरून माझ्यावर मोर्चा येईल, येऊ दे.

रेक्टर मॅडम आणि ऑफिसलाही एक विनंती. मेसच्या करारात आज पोळीचा आकार लिहिलेला आहे, पण पगार, सुट्टी, आजारपण यांवर एक शब्द नाही. पुढचा करार होताना पगाराची वेगळी ओळ घाला आणि तेवढ्या ओळीवर घासाघीस बंद ठेवा, कमिटीलाही आणि काकांनाही. मे महिन्यात मेस बंद असताना या सात जणांनी काय खायचं, याचं उत्तर माझ्या कागदात अजून नाही. कुणाला सुचलं तर सांगा.

जूनच्या मिटिंगला मी हे सगळं घेऊन जाणार आहे. सोबत गेल्या जुलैचा तो ३,२५० चा कागदही जोडणार आहे. त्यावर पाच सह्या आहेत, पहिली माझी.