खोक्यावरचा आकडा नको, भिंगाचा व्यास पाहा



चाकण-भोसरीच्या उजेडात दुर्बीण घेणे म्हणजे पैसे वाया, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच पटत नाही. कारखान्यांच्या दिव्यांपुढे आकाशगंगा आणि अंधूक तेजोमेघ हरवतात, हे खरे. पण चंद्रावरची विवरे, गुरूचे चार मोठे चंद्र, शनीची कडी चिंचवडच्या गच्चीवरूनही छान दिसतात! नवख्यांची फसगत होते ती खोक्यावरच्या ‘५२५ पट’ अशा आकड्यांनी. ६० मिलिमीटरच्या भिंगातून साधारण १२० पटींपुढे चित्र मोठे होते, पण पुसट. परवडत असेल तर सहा इंची आरशाची डॉब्सोनियन दुर्बीण घ्यावी, नाहीतर १०×५० ची द्विनेत्री. त्याआधी पुण्यात १९४४ पासून काम करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनाला मुलांना जरूर न्या. डळमळत्या तिपाईवरची दुर्बीण मात्र स्वस्तातही घेऊ नका.

– एक आकाशप्रेमी, चिखली