देवांचा अज्ञातवास

चोराला माल लपविण्यास जागा लागते, ही गोष्ट लहान मुलासही ठाऊक आहे. पण ती जागा किती उजेडाची असूं शकते, हें मात्र आम्हांस गेल्या पन्नास-साठ वर्षांतील मूर्तिचोरीच्या प्रकरणांनीं शिकविलें. सोन्याच्या चोराचें काम सोपें असतें. रायगड जिल्ह्यांतील दिवेआगर येथें १९९७ सालीं जमिनीखालीं सांपडलेला गणपतीचा सुवर्ण मुखवटा २०१२ च्या मार्चमध्यें दरोडेखोरांनीं दोन पहारेकऱ्यांचा जीव घेऊन पळविला, आणि चोर हातीं लागले तेव्हां सोनें तेवढें उरलें होतें, मुखवटा उरला नव्हता. चोळ राजांच्या काळच्या पंचधातूच्या मूर्तीचें याच्या अगदीं उलट आहे. ती वितळविली तर तांब्याच्या भावानें जाईल. तिचें मोल ती अखंड असण्यांत, तिचा काळ व घडण पंडितांनीं ओळखण्यांत, आणि जमल्यास एखाद्या ग्रंथांत तिचें चित्र छापलें जाण्यांत आहे. म्हणजे हा माल असा कीं, तो चारचौघांनीं पाहिल्यावांचून त्यास किंमत येत नाहीं. पांडवांनीं अज्ञातवासासाठीं अरण्य सोडून विराटाची नगरी निवडली; तीच युक्ति (पांडवांनीं आम्हांस क्षमा करावी) मूर्तींच्या व्यापाऱ्यांनीं योजिली. त्यांनीं देव लपविले ते जगांतील नामांकित वस्तुसंग्रहालयांत, कांचेच्या कपाटांत, दिव्यांच्या झोतांत.

ही युक्ति आजची नव्हे. तंजावर प्रांतांतील शिवपुरम् या गांवीं १९५१ सालीं जमिनींतून कांहीं जुन्या मूर्ति निघाल्या. त्यांत एक अप्रतिम नटराज होता. देवस्थानानें त्या दुरुस्तीसाठीं मूर्तिकाराकडे दिल्या. मूर्तिकारानें त्यांच्या हुबेहूब प्रतिकृति ओतून परत केल्या, गांवानें त्यांचीच प्रतिष्ठा केली, आणि अस्सल नटराज मुंबईच्या एका संग्राहकाच्या घरीं येऊन राहिला. पुढें कित्येक वर्षें शिवपुरम् येथें अभिषेक होत राहिला तो नकलेला! हा प्रकार ना पुजाऱ्यानें ओळखला, ना विश्वस्तांनीं, ना सरकारी खात्यानें. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनीं १९६५ सालच्या आपल्या ग्रंथांत लिहिलें कीं, देवळांतील मूर्ति नक्कल असून मूळ मूर्ति मुंबईस आहे. तेव्हां कोठें आमची झोंप मोडली. तोंपर्यंत उशीर झाला होता. नटराज न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडून अमेरिकेंतील धनाढ्य संग्राहक नॉर्टन सायमन यांच्याकडे सुमारें नऊ लक्ष डॉलरांस गेला. हिंदुस्थान सरकारनें फिर्याद केली, १९७६ सालीं तडजोड झाली, आणि मूर्ति आणखी दहा वर्षें तिकडेच राहून १९८६ सालीं परत आली. ज्याची वस्तु चोरीस गेली त्यानेंच चोरीच्या वस्तूसाठीं दहा वर्षांची मुदत द्यावी, असा हा न्याय होता.

त्यानंतर हा धंदा शास्त्रशुद्ध झाला. न्यूयॉर्कमध्यें सुभाष कपूर या व्यापाऱ्याची पेढी होती. मोठमोठीं संग्रहालयें त्याचीं गिऱ्हाइकें होतीं. कांहींना तर तो मूर्ति भेटही देत असे. या दानशूरतेचा अर्थ उघड आहे: ज्याची एक वस्तु संग्रहालय आदरानें स्वीकारतें, त्याच्या दुसऱ्या वस्तूविषयीं कोण विचारपूस करील? अरियलूर जिल्ह्यांतील श्रीपुरंदान येथील पूजा बंद पडलेल्या शिवमंदिरांतील नटराज २००६ च्या सुमारास चोरीस गेला. चोरीचा बोभाटा झाला २००८ सालीं. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयानें तो कपूरकडून सुमारें पन्नास लक्ष अमेरिकन डॉलरांस विकत घेतला. सोबत कागद होता. सुदानच्या एका राजनैतिक अधिकाऱ्यानें ही मूर्ति १९७० सालीं दिल्लींत घेतली होती, असें त्यांत नमूद होतें. वाचकांनीं या सालाकडे लक्ष द्यावें. चोरट्या व्यापारास बंदी करणारा युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय करार १९७० च्या नोव्हेंबरमधील, आणि पुरातन वस्तूंच्या निर्यातीची वाट बंद करणारा आमचा कायदा १९७२ चा. मूर्ति त्यापूर्वींच मालकाच्या हातीं होती असें दाखविलें कीं, पुढचा सारा व्यवहार सोवळा! जें वाळवीच्या घरट्याचें, तेंच या बनावट कागदांचें. बाहेरून माती निर्मळ दिसते.

कपूर यास २०११ सालीं जर्मनींत फ्रँकफर्ट येथें अटक झाली, २०१२ सालीं तो हिंदुस्थानच्या स्वाधीन झाला, आणि २०२२ सालीं कुंभकोणम् येथील न्यायालयानें उडैयारपाळैयम येथील देवळाच्या मूर्तींच्या प्रकरणीं त्यास दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनीं त्याच्या व्यापाराशीं संबंध असलेल्या अडीच हजारांवर वस्तु जप्त केल्या. श्रीपुरंदानचा नटराज २०१४ च्या सप्टेंबरांत ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीं दिल्लीस आणून परत केला. २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेंही पंधरा शिल्पें परत करण्याचें जाहीर केलें. या संग्रहालयांनीं फसवणूक झाल्याचें म्हटलें आहे, व तें सर्वस्वी खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण पन्नास लक्ष डॉलर मोजणाऱ्या संस्थेनें देवळाच्या देशांत एक पत्र टाकून चौकशी करण्यास किती खर्च आला असता? घोडा विकत घेणारा शेतकरीसुद्धां बाजारांत चार माणसांस विचारतो.

परंतु परक्यांस दोष देऊन आपल्या घरचें कुलूप बसत नाहीं. ते देव गेले, कारण ते आमच्याजवळ होते याचा पुरावाच आमच्याजवळ नव्हता. ज्या देवळांच्या दाराशीं अस्पृश्य म्हणून आपल्याच बांधवांस आम्ही शतकानुशतकें अडविलें, ज्यांचीं दारें उघडण्यासाठीं मद्रास इलाख्यांत १९४७ सालीं कायदा आणि नाशिकास काळाराम मंदिरापुढें १९३० सालीं सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या राखणदारांस बाहेरच्या माणसाची जात बिनचूक ओळखतां येत होती. गाभाऱ्यांत देव किती व कोणते, याची यादी करण्यास मात्र त्यांना सवड झाली नाहीं. सरकारचें दप्तर तरी कोठें याहून बरें आहे? महालेखापालांच्या २०१३ च्या अहवालांत, प्रत्यक्ष पाहणी केलेल्या १,६५५ संरक्षित स्मारकांपैकीं ९२ जागेवर सांपडलीं नाहींत, असें नमूद आहे. पुढें त्यांतील कांहींचा पत्ता लागला हें खरें. पण अख्खीं स्मारकें जेथें हरवतात, तेथें वीतभर मूर्तीचा हिशेब कोण ठेवणार? देशांतील पुरातन वस्तूंची नोंद करण्यासाठीं २००७ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. वस्तु अंदाजें ५८ लक्ष. २०२३ सालीं संसदेच्या समितीपुढें आलेल्या माहितीप्रमाणें नोंद झाली होती सुमारें १७ लक्षांची.

आतां जी गोष्ट आम्हांस मुख्यतः सांगावयाची आहे ती ही. श्रीपुरंदानचा नटराज परत आला तो पोलिसांच्या पराक्रमानें जितका, तितकाच एका छायाचित्रामुळें. पांडिचेरी येथें १९५५ सालीं स्थापन झालेल्या फ्रेंच संस्थेच्या अभ्यासकांनीं दक्षिणेंतील देवळोदेवळीं हिंडून लाखाहून अधिक छायाचित्रें जमविलीं. त्यांना कोणी नवससायास केले नव्हते. अभ्यास हाच त्यांचा हेतु होता. चोरीनंतर कॅनबेऱ्याच्या नटराजाचें चित्र त्या संग्रहांतील चित्राशीं ताडून पाहतां मूर्ति तीच असल्याचें ठरलें, आणि सुदानी अधिकाऱ्याची सारी कहाणी पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. आणि आमच्याकडे काय चालतें? देवळाच्या दारावर पाटी: छायाचित्र काढण्यास सक्त मनाई. गाभाऱ्याचें पावित्र्य बिघडतें, मूर्तीचें तेज कमी होतें, सोवळें मोडतें. श्रद्धावान मनुष्याच्या भावनेची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आरतीच्या वेळीं यात्रेकरूंनीं कॅमेरे उगारून धक्काबुक्की करावी असेंही आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या सोवळ्यानें देवाची ओळख पटविण्याचें एकमेव साधन नाकारलें, त्या सोवळ्याचा लाभ आजवर चोरासच झाला आहे.

महाराष्ट्रांतील देवस्थानांच्या विश्वस्तांस आमची सूचना आहे कीं, त्यांनीं सरकारी मोहिमेची वाट पाहूं नये. प्रत्येक मूर्तीचीं समोरून, मागून व दोन्ही बाजूंनीं छायाचित्रें काढावीं. उंची, धातु अगर दगड, आणि कोठें टवका किंवा भेग असेल ती लिहून ठेवावी, कारण खटल्यांत तोच टवका साक्षीदार होतो. एक प्रत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत, एक पोलीस ठाण्यांत, आणि एक सभामंडपांत सर्वांस दिसेल अशी लावावी, म्हणजे यादीवर गांवाचीही नजर राहील. पूजेच्या वेळा संभाळून एका देवळाचें काम अर्ध्या दिवसांत उरकतें, आणि हल्लीं त्यासाठीं शहरांतून छायाचित्रकार बोलावण्याचीही गरज नाहीं. गुरवाच्या मुलाच्या खिशांत कॅमेरा असतोच.